गिअरच्या तारेचे पिंजारलेले टोक : एका सायकलीवरील चार तारांचे प्रकरण

सायकल दुरुस्तीला आली तेव्हा तक्रार तारेच्या टोकाची नव्हतीच. मागचा गिअर मोठ्या चाकीवर चढताना ठीक चढत होता, पण लहान चाकीवर उतरताना अडखळत होता. कळ दाबल्यावर दोनतीन फेरे पॅडल मारावे लागत आणि मग साखळी अचानक खाली उडी घेई. अशी एकतर्फी तक्रार असली की निदान बहुधा सोपे असते. मोठ्या चाकीवर जाताना तार हाताच्या जोराने ओढली जाते, पण लहान चाकीवर येताना तिला परत खेचण्याचे काम डिरेलरमधल्या, म्हणजे साखळी एका चाकीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेतल्या, स्प्रिंगला एकटीला करावे लागते, आणि तार आउटरमध्ये, म्हणजे तिच्यावरच्या नळीसारख्या आवरणात, कुठे घासत असेल तर ती स्प्रिंग कमी पडते. या सायकलीत मागच्या चाकाजवळच्या आउटरच्या शेवटच्या वेढ्यात चिखलाचे पाणी शिरून वाळलेले होते. तार डिरेलरला धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट सैल करायचा, आतली तार मागे ओढून काढायची, आउटर स्वच्छ करायचे, तार पुसून पुन्हा ओवायची, एवढेच काम होते.

ते झाले नाही. तारेच्या टोकावरची ॲल्युमिनियमची टोपी काढताच टोक खराट्यासारखे फुलले. बोल्टच्या पुढे जेमतेम २० मिमी शेपूट उरले होते, कारण आधीच्या दोन दुरुस्त्यांमध्ये प्रत्येक वेळी फुललेला भाग कापून टाकलेला होता. फुललेल्या तारा आउटरच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या बोंडात अडकू लागल्या. त्या कापाव्यात तर उरणारे टोक नेमके बोल्टखाली दबून चपटे झालेल्या जागी येत होते, आणि तेथून कापलेली तार नंतर बोल्टपर्यंत पुरलीही नसती. अखेर तार फेकून द्यावी लागली. काढलेल्या तारेची पूर्ण लांबी मी बोटांतून फिरवून पाहिली, तेव्हा शिफ्टरकडच्या, म्हणजे हँडलवरच्या गिअरच्या कळीकडच्या, गोंड्याजवळ (तारेच्या जाड डोक्याजवळ) एकही तार तुटलेली नव्हती, कुठे मुरड नव्हती, गंज नव्हता. मालकांनी विचारले, “तार तर धड होती, मग नवी कशाला?” प्रश्न रास्त होता, आणि दीड मीटरहून लांब असलेली धड तार तिच्या शेवटच्या २० मिलिमीटरमुळे निकामी झाली, हे उत्तर मला स्वतःलाच पटणारे नव्हते. तेव्हा त्या सायकलीच्या चारही तारा, म्हणजे दोन ब्रेकच्या आणि दोन गिअरच्या, नव्याने बसवताना प्रत्येकीचे टोक वेगळ्या पद्धतीने बांधून पाहायचे आणि काही महिन्यांनी चारही काढून पुन्हा ओवून पाहायचे, असे आम्ही ठरवले.

टोक का फुलते

सायकलीची आतली तार बहुतेक वेळा १९ बारीक तारांची असते. मध्ये एक, तिच्याभोवती ६ आणि त्यांच्याभोवती १२. अशा रचनेत आडव्या छेदावर पाच तारा ओळीने येतात, म्हणून १.२ मिमीच्या गिअरच्या तारेतील प्रत्येक बारीक तार सुमारे ०.२४ मिमी जाडीची आणि १.६ मिमीच्या ब्रेकच्या तारेतील सुमारे ०.३२ मिमी जाडीची भरते. या तारा जास्त कार्बनच्या पोलादाच्या किंवा स्टेनलेसच्या असतात आणि साच्यांतून थंड अवस्थेतच ओढून बारीक केलेल्या असतात. त्या ओढण्यानेच त्यांना ताकद येते आणि ताठपणाही येतो. असा ताठ धागा पीळ देऊन गुंडाळला की तो पूर्णपणे वळणाच्या आकारात बसत नाही. त्यातला काही वाक कायमचा होतो, पण काही वाक स्प्रिंगसारखा दबून राहतो आणि शेजारच्या तारांनी दोन्ही बाजूंनी धरून ठेवल्यामुळेच गप्प असतो. तार कापली की कापलेल्या जागी हे धरून ठेवणे एकदम संपते, बाहेरच्या बारा तारा आपला साठवलेला वाक सोडून सरळ होऊ पाहतात, आणि एकदा त्या हलल्या की आतल्या सहांनाही आधार राहत नाही. तारेच्या कारखान्यात पिळण्याआधीच प्रत्येक धाग्याला वळणाचा आकार दिलेला असेल तर ही उसळी पुष्कळ कमी असते, म्हणून काही तारा कापल्यावर शांत राहतात आणि काही हातातच फुलतात. सारख्याच दिसणाऱ्या दोन तारांच्या वागण्यात इतका फरक का, याचे उत्तर बहुधा येथे असते.

अनेक बारीक तारा एकत्र पिळण्यामागचा हेतूच असा आहे की, एखादी तुटली तरी बाकीच्यांनी भार पेलावा. विल्हेल्म आल्बर्ट यांनी जर्मनीतील हार्त्स पर्वतातल्या खाणींसाठी १८३४ मध्ये तारांचा दोर वापरात आणला, तोही साखळीची एक कडी तुटली की सगळेच कोसळते या अडचणीवर उपाय म्हणून. स्वतंत्र धाग्यांच्या या गुणाची किंमत आपण टोकाशी मोजतो, कारण तेथे ते धागे खरोखरच स्वतंत्र होतात.

फुलण्याची सुरुवात मात्र कापताना, म्हणजे हत्याराच्या पात्यापासून होते, आणि हा मुद्दा सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. साध्या कटिंग पक्कडीची दोन पाती समोरासमोर पाचरीसारखी भिडतात. तार तुटण्याआधी त्यांच्यात चपटी होते आणि बाजूच्या तारा दोन्हीकडे सरकतात, त्यामुळे टोक कापल्या क्षणीच अर्धे उलगडलेले असते. केबल कटरची पाती आतून गोलाकार असून ती तारेला सर्व बाजूंनी कवेत घेऊन कातरतात, त्यामुळे टोक गोल राहते. विजेच्या तांब्याच्या तारांसाठी असलेले कटर पोलादी तारेवर चालवले तर त्याच्या धारेला दाते पडतात आणि पुढच्या प्रत्येक कापात एकदोन तारा न तुटता नुसत्या वाकून बाहेर येतात. जुन्या तारेचे टोक भिंगाखाली धरले असता तीन तारा अशाच आकड्यासारख्या वाकलेल्या दिसल्या, आणि आउटरच्या बोंडात अडकत होत्या त्याही त्याच.

येथे एक सावधगिरी नोंदवतो. शिफ्टरच्या किंवा ब्रेकच्या लिव्हरच्या आत, गोंड्याजवळ तारा तुटून पिंजारलेल्या दिसल्या तर ते प्रकरण निराळे. तेथे तार लहान वळणावरून हजारो वेळा वाकते आणि थकून एकेक धागा तुटतो. त्या तारेचे आयुष्य संपलेले असते, तिला कोणताही टोकाचा उपाय लागू पडत नाही, ती बदलावीच लागते. ब्रेकच्या तारेत एक जरी धागा तेथे तुटलेला आढळला तर मी पुढचा विचार करत नाही.

चार टोके

चारही तारा चांगल्या कटरने, बोल्टच्या पुढे साधारण ४० मिमी शेपूट ठेवून कापायच्या, असे ठरवले. पुढच्या ब्रेकच्या तारेला नेहमीची ॲल्युमिनियमची टोपी घातली. मागच्या ब्रेकच्या तारेला पातळ सायनोॲक्रिलेट गोंद, म्हणजे ज्याला सगळे इन्स्टंट ग्लू म्हणतात तो, पाजला आणि गोंद वाळल्यावर त्या भागातूनच तार कापली. पुढच्या गिअरच्या तारेवर उष्णतेने आकसणारी प्लास्टिकची नळी चढवली. मागच्या गिअरच्या, म्हणजे ज्या तारेमुळे हे सगळे सुरू झाले तिच्या, टोकाला डाख दिला, म्हणजे सोल्डरने कल्हई केली.

नळीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती बोटांना तारा टोचू देत नाही आणि दिसायला नीटस असते, पण तारेची जाडी वाढवते, त्यामुळे आउटरमधून ओढण्यापूर्वी ती काढावीच लागते आणि ती काढली की टोक जसेच्या तसे मोकळे होते.

ॲल्युमिनियमच्या टोपीबद्दल माझे मत या प्रकरणाने बदलले. ती स्वस्त, सोपी आणि बसवायला एक मिनिटाचे काम, म्हणून सर्वत्र तीच असते, आणि जी तार सहसा काढावी लागत नाही तिच्यासाठी ती पुरेशीही आहे. पण टोपी फुलणे रोखत नाही, ते झाकून ठेवते. पक्कडीने दोन ठिकाणी चिमटून बसवलेली टोपी काढायची म्हणजे ती चिरावी किंवा तारेसकट कापावी लागते. कापली तर दर वेळी शेपटाचे सातआठ मिलिमीटर जातात, आणि चिरली तर चिमट्यांनी आधीच दबलेल्या तारा सोडल्याबरोबर पसरतात. शिवाय ओलाव्यात, विशेषतः खारट पाण्यात, ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना लागून असले की ॲल्युमिनियम झिजत जाते. जुन्या टोपीच्या तोंडाशी जी पांढरी पूड दिसते ती त्याचीच. जुन्या तारेच्या शेपटाचा हिशेब मी याच नजरेने पुन्हा पाहिला. दोन दुरुस्त्या, दोन टोप्या, आणि दर वेळी टोपीबरोबर गेलेला फुललेला तुकडा. तार झिजली नव्हती, ती तुकड्यातुकड्याने कापली गेली होती.

गोंदाचे टोक अर्धे यशस्वी ठरले. नव्या तारेवर कारखान्यातले ग्रीस असते आणि ते वरवर पुसले तरी आतल्या थरात राहते. मी पहिल्यांदा फक्त फडक्याने पुसून गोंद सोडला, तो बाहेरच्या बारा तारांच्या खाचांत बसला, पण आत शिरला नाही. तारा जोडलेल्या वाटत होत्या, पण टोक नखाने वाकवताच कट्ट असा आवाज होऊन गोंदाला तडा गेला आणि दोन तारा उभ्या राहिल्या. तेवढा भाग कापून, टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, पीळ किंचित सैल करून आणि पुन्हा घट्ट करून आतले ग्रीस काढले, वाळवले आणि मग गोंद दिला, तेव्हा तो केशाकर्षणाने थेट मधल्या तारेपर्यंत ओढला गेला. दुसऱ्या टोकाने पुढे चांगला टिकाव धरला. तरीही हा गोंद ठिसूळच, आणि सततच्या ओलाव्यात धातूवरची त्याची पकड ढिली होते. टेफ्लॉनसारख्या पॉलिमरचा लेप असलेल्या तारेसाठी मात्र मी गोंदच निवडेन, कारण असा लेप जास्त तापला तर त्यातून निघणारा धूर श्वासात जाणे घातक असते आणि लेपावर डाख धरतही नाही.

माझी चूक

डाख दिलेले टोक पहिल्या दिवशी चारांत सर्वांत देखणे होते. मी उत्साहाच्या भरात टोकापासून सुरुवात करून सुमारे ५० मिमीपर्यंत सोल्डर जाऊ दिले, म्हणजे क्लॅम्पच्या बोल्टखाली येणारा भागही त्यात आला. दबणारा भागही एकजीव झाला तर तेथे तारा चपट्या होणार नाहीत आणि पुढच्या वेळी सोपे जाईल, असा माझा विचार होता. तो चुकीचा निघाला, आणि या प्रकरणातून शिकण्यासारखे सर्वांत जास्त त्यातच आहे.

साधारण तीन आठवड्यांनी सायकल परत आली, कारण मागचा गिअर पुन्हा बिघडला होता, पण या वेळी उलट्या दिशेने. मोठ्या चाकीवर चढताना साखळी नुसती घासत होती, म्हणजे तार ढिली झाली होती. नवी तार आणि आउटर पहिल्या काही दिवसांत जागेवर बसतात, आउटरची टोके बोंडांत दाबली जातात आणि थोडा ढिलेपणा येतोच, म्हणून मी जास्त विचार न करता ताण जुळवण्याचा नॉब अर्धा फेरा फिरवून सायकल परत दिली. दहा दिवसांत तीच तक्रार. तेव्हा मात्र बोल्ट उघडला. बोल्ट मी साधारण ६ न्यूटन-मीटर इतका आवळला होता, पण तो उघडताना तेवढा जोर लागलाच नाही. वॉशरखाली तार गोल राहिली नव्हती, तिची चपटी पट्टी झाली होती, आणि पट्टीच्या दोन्ही कडांना चकचकीत सोल्डरची बारीक झालर बाहेर आली होती, पिठाच्या गोळ्यावर वाटी दाबली की कडेने पीठ यावे तशी. तार बोल्टखालून सुमारे एक मिलिमीटर सरकलेली होती. वॉशरने पाडलेली खूण आणि आताची जागा यांतील अंतर स्पष्ट दिसत होते.

कारण धातूच्या स्वभावातच आहे. एखादा धातू सततच्या दाबाखाली हळूहळू वाहू लागेल की नाही, हे तो आपल्या वितळबिंदूच्या किती जवळ आहे यावर अवलंबून असते, आणि हे अंतर केल्विनमध्ये मोजावे लागते. कथिल-शिसे ६३/३७ सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला, म्हणजे सुमारे ४५६ केल्विनला वितळते. खोलीचे तापमान सुमारे ३०० केल्विन धरले तर ते सोल्डर आपल्या वितळबिंदूच्या जवळजवळ दोन-तृतीयांशावर असते. त्याच हिशेबाने पोलाद एक-पंचमांशाच्याही खाली असते. म्हणून बोल्टखाली पोलाद जागच्या जागी राहते आणि सोल्डर दिवसेंदिवस बाहेर सरकते, बोल्टचा ताण उतरतो आणि पकड जाते. शिसेविरहित सोल्डर सुमारे २१७ अंशांना वितळू लागते, त्यामुळे ते थोडे बरे, पण तेही याच वर्गातले. विजेच्या कामात अनेक धाग्यांच्या तांब्याच्या तारेला कल्हई करून ती स्क्रूच्या टर्मिनलखाली दाबू नये असा दंडक आहे, तो याच कारणासाठी. मला तो दंडक माहीत होता, पण सायकलीच्या बोल्टखालचा क्लॅम्पही एक स्क्रू टर्मिनलच आहे, हे सुचले नाही. सुदैवाने हा प्रयोग मी गिअरच्या तारेवर केला होता. ब्रेकच्या तारेवर केला असता तर एक मिलिमीटर सरकण्याने लिव्हर हँडलच्या दिशेने जास्त आत गेली असती आणि पुढे कधीतरी जोराने दाबल्यावर तार सुटली असती.

तार बदलावी लागली. मात्र पद्धत सोडली नाही, तिची हद्द ठरवली. बोल्टखालचा भाग आणि त्यापुढचे किमान २० मिमी कोरडे, केवळ पोलाद. डाख फक्त त्यापलीकडे, जेथे भार मुळीच येत नाही. टोकाच्या उपायाने भाराच्या मार्गात पाऊल ठेवू नये, इतकाच त्याचा नियम.

दुसऱ्या वेळी केलेले काम

यात क्रम महत्त्वाचा होता, म्हणून तो सविस्तर लिहितो. नवी तार आधी पूर्ण ओवून, बोल्ट आवळून, गिअर जुळवून घेतला, म्हणजे टोक नेमके कुठे हवे ते कळले. बोल्टपासून ४० मिमीवर शाईने खूण केली आणि त्या खुणेच्या दोन्ही बाजूंना मिळून १२ मिमी भाग कल्हईसाठी ठरवला. म्हणजे तार अजून कापलेली नव्हती, तिच्या धाग्यांना एकमेकांचा आधार होता आणि एकही जागेवरून हललेला नव्हता. आधी बांधायचे आणि मग बांधलेल्या जागेतून कापायचे, या क्रमाने केले तर फुललेले टोक सावरण्याची वेळच येत नाही.

त्या १२ मिलिमीटरमधले ग्रीस अल्कोहोलने काढले. तार स्टेनलेस होती. अशी तार चुंबकाने ओळखण्याचा मोह होतो, पण तो फसवा आहे, कारण नेहमीचे स्टेनलेस थंड ओढले की थोडेफार चुंबकाला लागू लागते. स्टेनलेसवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा जो पातळ थर असतो, तो इलेक्ट्रॉनिक्समधल्या राळेच्या फ्लक्सला दाद देत नाही आणि सोल्डरचे मणी होऊन खाली पडतात. त्यासाठी झिंक क्लोराइडचा किंवा फॉस्फोरिक आम्लाचा फ्लक्स लागतो. भांड्याच्या कल्हईत नवसागर जे काम करतो तेच येथे हा फ्लक्स करतो, धातूवरची साय काढतो. जस्ताचा मुलामा असलेली तार तुलनेने सहज डाख घेते.

सोल्डरिंग आयर्नचे टोक तारेच्या खालून टेकवले आणि सोल्डर आयर्नला न लावता तारेला वरून लावले, म्हणजे तार स्वतः पुरेशी तापल्याशिवाय ते वितळत नाही. काही सेकंदांत सोल्डर पिळाच्या खाचांतून आत ओढले गेले आणि तार एकदम रुपेरी झाली. लगेच ओलसर सुती फडक्याने पिळाच्या दिशेने एकदा पुसून जादा सोल्डर काढले. हे पुसणे वगळता येत नाही, कारण वर राहिलेला एखादा थेंब आउटरच्या बोंडातून जात नाही आणि मग सगळी मेहनत वाया जाते. गार झाल्यावर खुणेवर कटर चालवला. छेद भिंगाखाली पाहिला तेव्हा एकोणीस ठिपके रुपेरी पार्श्वभूमीवर गच्च बसलेले दिसले, मधल्या ठिपक्याभोवतीही पोकळी नव्हती. कानशीने टोकाची कड गोलसर केली, म्हणजे ओवताना ते आउटरच्या अस्तराला खरवडणार नाही. शेवटी खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने फ्लक्स धुऊन काढला, कोरडे केले आणि तेलाचा एक थेंब दिला. आम्लाचा फ्लक्स तसाच राहिला तर काही दिवसांत तोच तारेला गंजवू लागतो.

कापताना उडणारा पोलादी तुकडा सुईसारखा असतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा. फ्लक्सचा धूर अंगावर घेऊ नये, आणि शिशाच्या सोल्डरनंतर हात धुतल्याशिवाय तोंडाकडे नेऊ नयेत.

उष्णतेने तार कमकुवत होत नाही का, ही शंका मालकांनी काढली आणि ती योग्य होती. थंड ओढलेल्या पोलादाची ताकद सुमारे ४०० अंशांच्या पुढे वेगाने घटू लागते. सोल्डरिंगमध्ये तार क्वचितच तेवढी तापते, आणि तापली तरी ते बोल्टपलीकडचे शेपूट असते. गॅसच्या ज्योतीने टोक लाल करून वितळवणे किंवा चांदीच्या मिश्रधातूने ब्रेझिंग करणे ही गोष्ट वेगळी. तेथे तापमान ६०० अंशांच्या पुढे जाते, तारेत उष्णता मागे पसरते, आणि टोकाच्या मागचा भाग कुठे मऊ तर कुठे ठिसूळ होऊन जरा वाकवताच तुटतो. कारखान्यात जाड दोरांची टोके विजेच्या प्रवाहाने तापवून, पिळून निमुळती वितळवली जातात, पण तेथे हे काम यंत्राच्या नियंत्रणाखाली होते आणि ते टोक केवळ ओवण्यापुरते असते.

येथे हद्द आणखी एकदा सांगणे भाग आहे. ज्या दोराचे टोकच भार पेलते, म्हणजे ज्याला फासा करून वजन टांगले जाते किंवा ज्याने काही उचलले जाते, तेथे डाख किंवा गोंद यांना जागा नाही. तेथे दाबून बसवलेली फेरूल (धातूची नळी), ओतीव सॉकेट किंवा योग्य संख्येच्या क्लिपा लागतात, आणि क्लिपांमध्ये खोगीर, म्हणजे क्लिपेचा खाचदार ठोकळा, नेहमी भार घेणाऱ्या बाजूवर व यू-बोल्ट मोकळ्या शेपटावर यावा लागतो. असा जाड दोर कापण्यापूर्वी कापाच्या दोन्ही बाजूंना मऊ तारेचे बांध घालतात आणि प्रत्येक बांधाची लांबी निदान दोराच्या व्यासाइतकी ठेवतात. पद्धत निराळी असली तरी क्रम तोच, आधी बांध आणि मग काप.

चार महिन्यांनंतर

ठरल्याप्रमाणे चारही तारा काढल्या. पुढच्या ब्रेकची टोपी चिरताच टोक अपेक्षेप्रमाणे फुलले. पीळ घट्ट होईल त्या दिशेने बोटांत फिरवून तारा जागेवर आणल्या, गोंद दिला, कापले, आणि सहा मिलिमीटर गमावून काम भागले. पीळ कुठल्या बाजूचा आहे हे पाहायला तार उभी धरावी. समोरच्या तारा खालून डावीकडून वर उजवीकडे चढत असतील तर पीळ उजवा. उलट दिशेने अर्धा फेरा जरी दिला तरी टोक आणखी उलगडते. मागच्या ब्रेकचे गोंदाचे दुसरे टोक शाबूत होते आणि पहिल्याच प्रयत्नात ओवले गेले, मात्र त्याची कड एका बाजूने टवका उडाल्यासारखी दिसत होती. पुढच्या गिअरची नळी काढताच जे व्हायचे ते झाले, त्या टोकाला तेथल्या तेथे डाख दिला.

मागच्या गिअरची तार आउटरच्या त्याच वेढ्यातून, जेथे जुनी तार अडकली होती तेथून, एका हाताने ढकलत नेली. बोंडाजवळ ती क्षणभर थांबली, पीळ घट्ट होण्याच्या बाजूला किंचित फिरवताच पुढे गेली आणि डिरेलरच्या बोल्टखालून बाहेर आली. बोल्टखालचा जुना ठसा पाहिला. तारा नेहमीसारख्या थोड्या चपट्या झाल्या होत्या, झालर नव्हती, आणि बोल्ट उघडताना आवळतानाइतकाच जोर लागला होता. शेपूट मोजले, ते ४० मिमीच भरले. ब्रेकच्या दोन्ही तारांना पुढच्या वेळी डाख द्यायचा असे ठरले आहे, बोल्टपासून २० मिमी सोडून.